गंगेवरचा पाऊस आणि फ्लॅश

गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) झड लागली की मी कॅमेरा घेऊन घाटावर जायचो. घरी येऊन पाहावं तर फोटोत घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती धुरकट आणि पाऊस गायब. टपोरा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने पडतो. शटर 1/60 सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात तो सुमारे 15 सेंटीमीटर खाली येतो आणि त्याची पुसट रेघ करड्या आभाळात विरून जाते.

मग एका संध्याकाळी कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावला. फोटोभर नुसत्या पांढऱ्या चकत्या! अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. त्यामुळे लेन्सजवळचे थेंबच लख्ख उजळतात, आणि ते फोकसबाहेर असल्याने फुगून गोल दिसतात. मारुती अंधारातच राहिला. बर्फ पडतानाही नेमकं हेच होतं.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला तेव्हा खरा फरक पडला. पाणी पायऱ्यांच्या बरंच खाली होतं, म्हणूनच भाच्याला सोबत नेलं. फ्लॅश पारदर्शक पिशवीत घालून रबरबँड लावला; आत जास्त दाबाची वीज असते, तिथे हयगय नको. भाचा छत्री धरून मारुतीच्या मागे एका बाजूला उभा राहिला, फ्लॅशचं तोंड तिरकं माझ्याकडे. फ्लॅशची ताकद पूर्णच्या 1/32, कारण ताकद जितकी कमी तितका लखलखाट आखूड. तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका झाला की थेंब त्यात मिलिमीटरभरही सरकत नाही.

दाबलं बटण. काळ्या आभाळावर एकेक थेंब सुटा चमकला, मारुतीच्या खांद्याला उजेडाची कड आली. मी तिथेच ओरडलो!

नंतर शटर 1/15 करून घाटावरच्या दिव्यांत रेघाही टिपल्या. पहिल्या फोटोत पाऊस जमिनीतून वर चालल्यासारखा वाटला. फ्लॅश सुरुवातीलाच उडत होता, म्हणून थेंब वर गोठला आणि रेघ त्याच्या खाली आली. फ्लॅश शटर बंद होता होता उडेल असं सेटिंग केल्यावर रेघ थेंबाच्या वर गेली आणि पाऊस पुन्हा पडू लागला.

भाचा कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक थेंब मोठा करून बघत बसला होता. म्हणाला, "मामा, चित्रात काढतात तशी शेपूट कुठंय याला?" नव्हतीच. थेंब गोल होता, खालून किंचित चपटा.