दोन महिन्यांपुरतं घर

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोनेक महिन्यांपुरता फ्लॅट हवाय, म्हणून आज कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या ढीगभर, पण सगळ्यांचं गाडं अकरा महिन्यांवर अडतंय. एजंटला तर एवढ्याशा मुदतीसाठीही अख्ख्या महिन्याचं भाडं दलाली पाहिजे! (भावा, राहणार कोण, तू का आम्ही?)

एका काकूंनी वरचा मजला दाखवला. झकास हवा, कठड्यावर सांडग्यांचं ताट. पण लिफ्ट नाही, जिना उभाच्या उभा. "पेशंट हाय व्हय? मग खालचंच बघ की बाळा," काकूच म्हणाल्या.

काही घरमालक म्हणे, थोड्या दिवसांना करार कशाला? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लेखी करार आणि नोंदणी लागतेच, त्यामुळे तिथं नको.

तळमजला कुणाकडे असेल तर इनबॉक्स करा. ताराबाई पार्क, नागाळा पार्कही चालेल.