माझा अनुभव : कॉफीचा दर कोणाच्या हातात पडतो?

कोल्हापुरात रोजचा मान चहाचा. कॉफी पाहुण्यांसाठी किंवा कोजागरीपुरती. आमच्या घरी मात्र सासूबाईंच्या आवडीमुळे जायफळ घातलेली दुधाची कॉफी रोज संध्याकाळी होते आणि पुडीचा खर्च किराणा यादीत ठळकपणे दिसतो. ही कॉफी पिकवणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला काय मिळते, याची माहिती घेऊनच ती विकत घ्यायची, असे मी ठरवले. उसाच्या दराचा निर्णय झाल्याशिवाय कोयता लावू न देणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न कोणाला परका वाटू नये.

सुरुवात लक्ष्मीपुरीतल्या दुकानांतली पाकिटे उलटून वाचण्यापासून केली. नियमानुसार चिकोरी (भाजून दळलेली एक मुळी) मिसळलेल्या कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. स्वस्त पाकिटांमध्ये चिकोरी जवळजवळ निम्मी असते. चिकोरी वाईट नाही. पण अशा मिश्रणांवर आणि बहुतेक इन्स्टंट कॉफीवर बी कोणत्या भागातले, याचा पत्ताच नसतो, आणि जिथे गावच माहीत नाही तिथे मजुरीची चौकशी कुठे करणार? म्हणून कोडगू, चिक्कमगळुरू, वायनाड, अराकू असे नाव छापलेलीच पाकिटे विचारात घेतली. या भागांतल्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मानांकन मात्र उगमाची आणि गुणांची ग्वाही देते, शेतकऱ्याच्या दराची नव्हे, हे दुकानदारांना पटवताना माझी बरीच दमछाक झाली.

त्यानंतर पाकिटांवरच्या प्रमाणपत्रांच्या शिक्क्यांकडे वळले. फेअरट्रेडचा शिक्का मला सर्वांत लवकर समजला, कारण त्याची रचना उसाच्या एफआरपीच्या, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराच्या, जवळची आहे. ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या (पाण्याने गर काढलेल्या) अरेबिका जातीच्या कॉफीसाठी पौंडाला १.८० डॉलर, म्हणजे किलोला साधारण ४ डॉलर, हा किमान दर आहे; बाजारभाव त्याहून वर गेला तर बाजारभाव द्यायचा, आणि शिवाय पौंडामागे २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेच्या सामूहिक कामांसाठी वेगळे द्यायचे. एफआरपीतून जशी तोडणी-वाहतूक वजा होते, तसाच हा दरही निर्यातीच्या टप्प्यावरचा असतो. प्रक्रिया, वाहतूक आणि संस्थेचा खर्च वजा जाता उरेल ते शेतकऱ्याचे. २०१९ च्या सुमारास अरेबिकाचा जागतिक भाव पौंडाला एका डॉलरच्या खाली गेला होता, तेव्हा अशा हमीचे मोल मोठे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव चार डॉलरच्या वर गेला, तेव्हा किमान दराचा प्रश्नच उरला नाही. तेजीत शिक्का निरुपयोगी ठरतो, असे यावरून म्हणणाऱ्यांनी उसाच्या मंदीची वर्षे आठवावीत.

कॉफीसाठी फेअरट्रेड मुळात लहान शेतकऱ्यांच्या संघटनांना मिळते, मोठ्या मळ्यांना नव्हे. त्यामुळे कोडगूच्या एखाद्या मळ्याच्या पाकिटावर तो शिक्का नाही, एवढ्यावरून त्या मालकाला दोषी धरता येत नाही. मळ्यांच्या कॉफीवर बहुधा रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक आढळतो. त्यात कामगारांचे हक्क, सावलीची झाडे आणि पाणी यांची तपासणी होते, पण किमान दराची हमी नसते. सेंद्रिय शिक्का तर केवळ पिकवण्याच्या पद्धतीविषयी बोलतो. तीन शिक्के तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि तोडणी करणाऱ्या बाईला दिवसाअखेर किती रुपये मिळाले, याचे नेमके उत्तर पाकिटावर एकही देत नाही.

म्हणून थेट भाजून विकणाऱ्या काही विक्रेत्यांना पत्रे लिहिली. बी कोणाकडून घेतले, किलोला काय भाव दिला, हंगामात तोडणीची मजुरी रोजाने देतात की किलोवर, बाहेरून आलेल्या मजुरांच्या राहण्याची सोय काय, असे प्रश्न विचारले. काहींनी डोंगरदऱ्यांची सुंदर छायाचित्रे पाठवली, जी मी मागितली नव्हती. एकाने भाव हे व्यापारी गुपित असल्याचे कळवले. त्याचा स्पष्टपणा मला त्या छायाचित्रांपेक्षा बरा वाटला. एका लहान विक्रेत्याने मात्र मळ्याचे नाव, दिलेला भाव आणि त्या आठवड्यातला बाजारभाव शेजारी शेजारी लिहून पाठवला. मजुरी किलोवर देतो, आणि पीक विरळ असलेल्या दिवशी किमान रोज पुरा करून देतो, हेही सांगितले. हे मला कोल्हापुरात बसून तपासता येत नाही. तरीही ज्याने आकडा लेखी दिला, त्याला पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो.

आता त्याच्याकडची चिकोरीविरहित पूड आणते. ती पूर्वीपेक्षा किलोमागे ४०० रुपयांनी महाग पडते; कपाला १० ग्रॅम धरले तर हा फरक ४ रुपयांचा होतो. चिकोरीवाचून कॉफीला रंग येत नाही, ही सासूबाईंची तक्रार कायम होती, म्हणून चिकोरी वेगळी आणून त्यांच्या कपापुरती चिमूटभर घालते. विक्रेत्याला पाठवायचे पुढचे पत्र फेब्रुवारीत, तोडणी आटोपताना लिहायचे ठरवले आहे. त्यात मजुरांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न नव्याने घातला आहे.