"माउली, माझी वीणा कुठं गेली?"

अखंड हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन आम्ही रेकॉर्ड केलं होतं. आठवड्यानं पेनड्राइव्ह द्यायला गावात गेलो. देवळाच्या ओट्यावर वीणेकरी बाबांनी पाचेक मिनिटं ऐकलं, हेडफोन उतरवला आणि विचारलं, "माउली, माझी वीणा कुठं गेली?"

मी ऐकलं. खरंच नव्हती. सात दिवस, रात्रीच्या पहाऱ्यातसुद्धा, जी वीणा कुणी खाली टेकवली नाही, ती आमच्याकडून गेली होती.

रेकॉर्डरमध्ये चार वेगळे ट्रॅक होते : महाराज, पखवाज, पेटी आणि टाळकऱ्यांच्या बाजूचा माइक, ज्यात वीणा होती. शिवाय रेकॉर्डर सगळ्यांची मिळून एक स्टिरिओ फाइल बनवतो. हाताखालच्या पोरानं तेवढीच उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कार्ड फॉरमॅट केलं. मग साध्या एडिटरमध्ये जनरेटरची घरघर काढायला बसला. नॉइज रिडक्शनला आधी एक 'शांत' तुकडा दाखवावा लागतो. त्यात ज्या पट्टीत जेवढा आवाज सापडेल, तेवढा ते पुढं सगळीकडं दाबत जातं. यानं कीर्तनाच्या आधीचे दहा सेकंद दाखवले. तेव्हा महाराज गप्प होते, पखवाज गप्प होता. वीणा मात्र वाजत होती, संथ, एकसारखी. मशीननं ती घरघरीतच धरली. टाळसुद्धा पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे झाले. त्याच नावानं सेव्ह, प्रोग्राम बंद. अनडू तिथंच संपलं.

पोराला मी फार बोललो नाही. कोर्सवाले बटणं शिकवतात, कान कुणी तयार करत नाही.

साधा एडिटर वाईट नसतो. मी स्वतः ऑडॅसिटीवर शिकलो, एकट्या माणसाची मुलाखत आजही तिथंच कापतो. पण अशा ठिकाणी केलेली नॉइज रिडक्शन थेट आवाजालाच कात्री लावते. रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये तसाच फिल्टर ट्रॅकवर बसतो, मूळ फाइलला हात लागत नाही. दहा वर्षांनीही काढून टाकता येतो.

बाबांच्या नातवाच्या मोबाईलवर कीर्तनाच्या सुरुवातीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ निघाला. त्याचा आवाज रीपरमध्ये आमच्या फाइलखाली लावला. पखवाजाच्या पहिल्या थापेवर जुळवला, तर वीस मिनिटांच्या शेवटी चाळीस मिलिसेकंदांचा फरक! दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, आणि एवढ्या फरकात टाळ दुहेरी ऐकू येतात. तुकडे करून एकेक सरकवला. खालून पखवाजाचा घुमारा गाळला, वरून टाळांची किणकिण गाळली, मधला वीणेचा पट्टा तेवढा हळूच वर आणला. दोन रात्री गेल्या.

परत गावी गेलो. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. बोटं मांडीवर तार छेडल्यासारखी हलत होती. पंधराएक मिनिटांनी हेडफोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "आली बघा." बाकीचं घरी ऐकतो म्हणत पेनड्राइव्ह बंडीच्या खिशात ठेवला.

पुढच्या दीड तासात वीणा नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही.