पाणथळ, माळ आणि जंगल : टेलिफोटो झूम निवडण्याआधी

टेलिफोटो झूम, म्हणजे दूरचं जवळ आणणारी आणि कमी-जास्त करता येणारी लेन्स, घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो, ४०० की ६००? हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये : आकडा जितका मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं. या सहलीत आमच्याकडे दोन्ही होत्या, शिवाय एका मैत्रिणीकडे १००-५०० होती. जागाही तीन तऱ्हेच्या होत्या : पाणथळ, उघडा माळ आणि दाट जंगल. सगळं पाहून माझं मत आणखी पक्कं झालं. ४०० की ६०० हे नंतर ठरवा. तुम्हाला टिपायचा पक्षी किंवा प्राणी किती अंतरावर आणि किती उजेडात भेटतो, हे आधी पाहा.

पाणथळीत आम्ही उजाडायच्या आत होडीत बसलो. माझ्याकडे सोनीची २००-६०० होती. काठावरच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता, होडीपासून साधारण दहा मीटरवर. इथे एक सोपा हिशेब कामी येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा, म्हणजे त्या अंतरावर चौकटीत किती रुंदी मावते ते कळतं. दहा मीटरवर ६०० ला ६० सेंटिमीटर, ४०० ला ९०. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंटिमीटरचा. म्हणजे इतक्या जवळूनही ६०० वर तो चौकटीचा पाव भाग व्यापतो आणि ४०० वर त्याहून बराच कमी. छोटे पक्षी हाच तुमचा मुख्य विषय असेल तर ६०० चा मोह मुळीच अनाठायी नाही. क्रॉप सेन्सर असेल तर ४०० वरही जवळपास तेवढीच चौकट मिळते, कारण तो सेन्सर दीडपट अरुंद असतो.

थोड्या वेळाने राखी बगळा वेळूंतून उठला आणि थेट होडीवरून गेला. तेव्हा २०० वर यावं लागलं, आणि तेही एका दमात. या लेन्सची झूम आतल्या आत होते, नळी बाहेर येत नाही, आणि रिंग थोडीशी फिरवली की पुरते. निकॉनच्या झेड १८०-६०० चीही रचना अशीच आहे. सोबत्याची सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी ६०० वर नेली की नळी पुढे सरकते आणि हातातला तोल बदलतो. तिच्यावर निघालेले फोटो उत्तम आहेत, पण डुलत्या होडीत हा फरक मनगटाला लगेच जाणवतो.

होडीत ट्रायपॉड नेऊ नका. इंजिनाची थरथर पायांतून सरळ लेन्समध्ये चढते. बूड टेकवून बसा, कोपर अंगाशी घ्या आणि लेन्स हातातच धरा. उडत्या पक्ष्याला शटर स्पीड १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं हलणं सावरतं, पंखांची फडफड थांबवत नाही. लेन्सवर फोकस लिमिटरचा खटका असेल तर दूरच्या पक्ष्यांसाठी तो वापरा. नाहीतर फोकस पार जवळपर्यंत जाऊन परत येतो आणि तोवर पक्षी निघून गेलेला असतो.

माळावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दूरवर हरणांचा कळप होता. सोबत्याने ६०० ला १.४ पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी जोडकाच, लावला. फोकल लेंथ ८४० झाली, पण अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ ६.३ वरून एफ ९ वर गेलं (आकडा मोठा तितका उजेड कमी), म्हणजे एक स्टॉप, अर्थात निम्मा, उजेड गेला. फोटोत शिंगांच्या कडा वितळल्यासारख्या दिसत होत्या. अशा वेळी लेन्सला दोष दिला जातो, पण खरं कारण जमिनीवरून उठणारी तापलेली हवा असते. अंतर जितकं जास्त तितका तिचा थर जाड, आणि कितीही महाग काच तिच्या आरपार नीट पाहू शकत नाही. लांबचे फोटो ऊन चढण्याआधी घ्या. गाडीतून घेत असाल तर इंजिन बंद करा, बॉनेटवरची गरम हवाही तेवढीच घातक. टेलिकन्व्हर्टर घेण्याआधी तो तुमच्या झूमवर कसा बसतो तेही पाहा. कॅननच्या आरएफ १००-५०० वर तो फक्त ३०० च्या पुढेच चालतो.

त्याच माळावर मैत्रिणीच्या १००-५०० ने मला खरा हेवा वाटायला लावला. डबक्याकाठच्या चतुराचे तिने असे फोटो काढले की पंखांतली जाळी मोजता यावी. ती लेन्स १०० वर ९० सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. माझी २००-६०० २.४ मीटरच्या आत येतच नाही. शिवाय ट्रायपॉड कॉलर काढला की तिचं वजन १३७० ग्रॅम, माझीचं २११५. कीटक, फुलपाखरं, पक्षी असं सगळंच आवडणाऱ्याने सर्वांत जवळच्या फोकसचं अंतर आधी वाचावं. तो आकडा बहुतेक जण बघतच नाहीत.

जंगलात चित्र उलटं झालं. वळणावर हरीण पंधरा मीटरवर उभं होतं आणि ६०० वर चौकटीत मावत होते फक्त ९० सेंटिमीटर. २०० वर आणूनही झाडं, धुकं, पायवाट यांना म्हणावी तशी जागा मिळेना. १००-४०० वाल्याने मात्र अख्खं जंगल हरणासकट टिपलं. त्याची कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची, गळ्यात दिवसभर राहिली तरी जड होत नाही. पण तिथे उजेडाची किंमत मोजावी लागते. ४०० वर तिचं अ‍ॅपर्चर एफ ८, म्हणजे एफ ६.३ पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप कमी. पानांखालच्या सावलीत आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, भराभर चढतो. प्राणी स्थिर असेल तर १/२५० वर उतरून लागोपाठ फोटो घ्या, त्यातले काही धारदार निघतात. गाडीच्या दारावर बीनबॅग ठेवली तर आणखी खाली जाता येतं.

मला विचाराल तर छोटे पक्षी आणि मोकळी पाणथळ यांसाठी २००-६०० किंवा १८०-६००, पायी भटकंतीसाठी १००-५०० आणि पहिलीच लेन्स घेणाऱ्याने १००-४००. ८०० पर्यंत जाणारी आरएफ २००-८०० मोहात पाडते, पण शेवटच्या टोकाला ती एफ ९ आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात चालेल, दाट जंगलात तिच्यावर भिस्त ठेवू नये.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर भाड्याने घेऊन एक सकाळ वापरा. आपल्याच कॅमेऱ्यावर लावा, सर्वांत लांबच्या टोकाला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून झाडाच्या सालीचा फोटो काढा आणि कोपरे मोठे करून तपासा. मग ती डोळ्याशी धरून आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीच्या मागे पाच मिनिटं फिरा. हात थरथरू लागला तर मोनोपॉडही यादीत लिहा, किंवा हलक्या लेन्सकडे वळा.