अढी, विरजण आणि मटकीचे मोड

२८ मे

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या घरात जितक्या जैविक प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात, तितक्या शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षभरातही पाहायला मिळत नाहीत, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. माजघराच्या कोपऱ्यात आंब्यांची अढी लागलेली आहे, नव्या लोणच्याला खार सुटतो आहे, दुधाला विरजण लागले आहे आणि मटकी मोड येण्यासाठी बांधून ठेवली आहे. सुट्टीसाठी आलेल्या पुतणीने परीक्षेपुरत्या विकर, परासरण, श्वसन आणि संप्रेरक यांच्या व्याख्या चोख पाठ केल्या होत्या. परंतु हे सारे शब्द आपल्याच स्वयंपाकघराविषयी आहेत, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सकाळी तिने मटकीची पुरचुंडी उचलली आणि विचारले, "काकू, ही उन्हात ठेवली होतीस का? आतून गरम लागते आहे." पुरचुंडी रात्रभर ओट्यावरच होती. ती ऊब मटकीची स्वतःची होती. कोरड्या दाण्यातला जीव जवळजवळ थांबलेला असतो. पाणी मिळाले की दाणा फुगतो, त्यातली विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, कामाला लागतात, साठवलेल्या पिठूळ अन्नाची साखर होऊ लागते, श्वसनाचा वेग वाढतो आणि त्या श्वसनातली काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाठ्यपुस्तकात मोड आलेले वाटाणे थर्मासमध्ये ठेवून तापमापी लावण्याचा जो प्रयोग दिलेला असतो, तोच प्रयोग तिच्या तळहातावर होता. मोड आणताना भिजलेले दाणे पाण्यात तसेच न ठेवता निथळून, ओलसर फडक्यात का बांधायचे, याचेही उत्तर येथेच मिळते. श्वसनासाठी हवा लागते. बुडून राहिलेल्या दाण्यांना ती पुरेशी मिळत नाही, ते गुदमरतात आणि पाण्याला आंबूस वास येतो. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना दाण्यात तयार होते, हे ऐकून तिला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले.

दुपारी बिरड्यासाठी वाल सोलायला बसलो. प्रत्येक दाण्यावरचे साल म्हणजे बीजावरण, आतली दोन दळे म्हणजे बीजपत्रे आणि त्यांच्या मध्ये दडलेला इवलासा अंकुर म्हणजे भावी वेल. आकृती काढून नावे देण्याचा जो प्रश्न तिने अनेकदा सोडवला होता, तो तिने आज नखाने सोडवला.

अढीजवळ मात्र आम्ही बराच वेळ बसलो, कारण माझ्या मते घरातल्या जीवशास्त्राचा तो सर्वांत सुंदर धडा आहे. आंबा, केळे, चिकू, पपई ही फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन एवढ्या साध्या रचनेचा हा वायू वनस्पतींचे संप्रेरक आहे. एका फळाने सोडलेला वायू शेजारच्या फळाला पिकण्याचा संदेश देतो आणि ते फळ स्वतःही तोच वायू अधिक प्रमाणात सोडू लागते. पेंढ्याच्या थरांत वायू कोंडून राहतो, ऊबही टिकते आणि अढी एकदम धरते. १९०१ साली रशियातल्या दिमित्री नेल्यूबोव यांनी दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतील इथिलीनमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात हे दाखवले, आणि १९३४ साली रिचर्ड गेन यांनी पिकणारी फळे स्वतःच हा वायू तयार करतात हे सिद्ध केले. अढी घालणाऱ्या पिढ्यांना वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचे वागणे त्यांनी अचूक ओळखलेले होते. आंबा पुरता तयार झाल्याशिवाय उतरवायचा नाही, हा त्यांचा नियमही शास्त्राला धरूनच आहे. कोवळा आंबा अढीत घातला तर तो पिकण्याऐवजी सुरकुततो. नासका आंबा अढी नासवतो, ही म्हण आपण माणसांच्या संगतीविषयी वापरतो, परंतु ती फळांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे, कारण दुखावलेले फळ जास्त इथिलीन सोडते आणि त्याच्यावरची बुरशीही शेजाऱ्यांकडे पसरते. बाजारात कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवण्याचा जो प्रकार चालतो, त्यात निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनसारखाच परिणाम करतो. परंतु कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे घातक अंश असू शकतात आणि आपल्याकडे अशा प्रकारे फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. पेंढा आणि थोडा धीर एवढ्यावर जे काम होते, त्यासाठी खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ व्हावा, याचा मला संताप येतो.

लोणच्याच्या बरणीत अढीच्या नेमके उलट काम चालते. फोडींना मीठ चोळले की पेशींतले पाणी बाहेर येते, हेच परासरण. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढतेवेळी घालायचे, ते याचसाठी. बरणीत शिरलेल्या जिवाणूंचे आणि बुरशीचे पाणीही मीठ असेच ओढून घेते, आणि वर तरंगणारा तेलाचा थर बुरशीला हवा मिळू देत नाही. पाणी, हवा आणि ऊब यांवर ताबा ठेवून घरातली माणसे कुठे जीव जागा करतात, कुठे तो मंद करतात आणि कुठे थांबवतात, हे एकदा ध्यानात आले की स्वयंपाकातल्या कित्येक जुन्या सूचनांचा अर्थ लागत जातो.

विरजण हे त्याचे रोजचे उदाहरण. दूध कोमट असतानाच विरजण लावायचे, कारण कढत दुधात विरजणातले जिवाणू मरतात आणि गार दुधात त्यांची वाढ रेंगाळते. ते दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता हळूहळू वाढते आणि दुधातले केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंफले जाऊन दही घट्ट लागते. उकळत्या दुधात लिंबू पिळले तर तेच प्रथिन गुठळ्या होऊन वेगळे पडते, कारण तिथे हे सारे क्षणात घडते. १८७८ साली जोसेफ लिस्टर यांनी आंबलेल्या दुधातला असा जिवाणू इतरांपासून वेगळा करून वाढवला. आपल्याकडे शेजारणीकडून चमचाभर विरजण आणण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, आणि आजचे दही कालच्या दह्यातल्या जिवाणूंच्या वंशजांनी लावलेले आहे, हा विचार मला दर वेळी हलवून जातो.

रात्री फणसाच्या आठळ्या निवडताना पुतणीने विचारले की, मटकी डब्यात वर्षभर कोरडी राहते, मग आठळ्या मातीत का घोळून ठेवायच्या? हा प्रश्न तिला स्वतःहून सुचला, याचा मला फार आनंद झाला. बियांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. मटकी, भात, वाल यांच्या बिया पाणी जवळजवळ पूर्ण गमावूनही जिवंत राहतात. फणसाची आठळी आणि आंब्याची कोय मात्र वाळली की मरते, म्हणून मातीत घोळून आठळीची ओल टिकवायची. पावसाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या बीला कोरडे दिवस काढण्याची पाळी सहसा येत नाही. ओल्या जमिनीवर ती लगेच रुजू शकते. फार पिकलेला फणस फोडला की आतच मोड आलेली आठळी कधी कधी सापडते ती यामुळेच. तशी एक आज सापडली आहे. तिचे मूळ बोटाच्या पेराएवढे वाढलेले होते, आणि पुतणीने ती उकडायच्या आठळ्यांतून बाजूला काढून परसात, विहिरीच्या काठाला लावली.