डावीकडून दुसरी

नववीत एका ऑफ तासाला इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर बालवाचनातला वाटावा असा उतारा लिहिला. हिरवं-पांढरं घर, तांबडं दार, आई, वडील, डिक, जेन. मग तोच उतारा विरामचिन्हांशिवाय. तिसऱ्यांदा तर शब्दांमधल्या जागाही गेल्या. "वाचा." आम्ही अडखळलो, हसलो. बाई हसल्या नाहीत. टोनी मॉरिसन यांची 'द ब्लुएस्ट आय' अशी सुरू होते, एवढंच सांगून त्यांनी डस्टर उचललं.

कादंबरी मी वाचली बारावीच्या सुट्टीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. ओहायोतलं लोरेन, १९४०-४१चा काळ. अकरा वर्षांच्या काळ्या पिकोलाला निळे डोळे हवेत. ते मिळाले की घरातली भांडणं थांबतील असा तिचा हिशेब. तिच्यावर घरातच जे ओढवतं ते वाचून दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. मला आवडली क्लॉडिया. नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली मोडून आत काय आहे ते बघणारी!

आणि ते दुकान. पिकोला तीन पेन्यांच्या गोळ्या घ्यायला जाते. गोऱ्या दुकानदाराला ती दिसतच नाही जणू. पैसे घेताना तिच्या हाताला हात लागेल म्हणून तो घुटमळतो. एवढं पान समजायला मला कोश लागला नाही.

मॉरिसनबाई मूळच्या लोरेनच्याच. त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या एका मैत्रिणीला निळे डोळे हवे होते, तिथून ही कादंबरी सुचली. ती १९७० साली आली, नोबेल १९९३ला.

आता आमची शाळा. सातवीच्या गॅदरिंगला कोळीनृत्यात मी मागच्या रांगेत होते. उंच आहे म्हणून, असं मी घरी सांगितलं. उंच मी आजही नाही. विंगेमागे सगळ्यांना एकाच डब्यातली गुलाबी पावडर लागत होती. मला एक हात, मग दुसरा, मग तिसरा. मानेपर्यंत यायच्या आत डबा संपला. पिकोलाशी माझी बरोबरी नाही. मला घर होतं, धाकट्या बहिणीपेक्षा जास्त लाडही होते. तरी त्या दिवशी घरी येऊन मी चेहरा साबणानं दोनदा धुतला.

पावडर लावणाऱ्या बाई याच. दोन वर्षांनी फळ्यावर तो उतारा लिहिताना त्यांना डबा आठवला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

गॅदरिंगचा फोटो या अंकात छापला असेल तर बघा. मागची रांग, डावीकडून दुसरी. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या.