पॅलाडिनला शिक्षा देण्याचा अधिकार कोणी दिला?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पित जगात पात्रं साकारायचा खेळ खेळणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी हा प्रसंग येतोच. पार्टीने, म्हणजे प्लेयर्सच्या पात्रांच्या टोळीने, दरोडेखोर पकडलाय, त्याने हत्यार टाकलंय, हात मागे बांधलेत. पॅलाडिन, म्हणजे देवाला वाहिलेला धर्मयोद्धा, पुढे होतो, आपल्या देवतेचं नाव घेतो, त्याच्या पापांबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि तलवार चालवतो. मग अर्धा तास भांडण. निम्मे म्हणतात, तो देवाचा माणूस आहे, त्याला अधिकार आहे. उरलेले म्हणतात, हा बांधलेल्या माणसाचा खून आहे. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) आहे आणि मी ठामपणे खून म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. देवाने शक्ती दिली म्हणून राज्याने अधिकार दिला असं होत नाही. हे दोन्ही वेगळे ठेवले की खेळ कितीतरी जास्त रंगतो, असा माझा अनुभव आहे.

पॅलाडिन या खेळात 1975 साली 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला आणि तेव्हापासूनच तो लॉफुल (कायदा-शिस्त पाळणारा) होता. 2003 च्या 3.5 आवृत्तीत त्याची आचारसंहिता स्पष्ट लिहिली आहे: वैध सत्तेचा मान राखायचा, इमानाने वागायचं, गरजूंना मदत करायची आणि निरपराधांना त्रास देणाऱ्यांना शासन करायचं. शेवटचं कलम सगळ्या प्लेयर्सना पाठ असतं, पहिलं कुणाला आठवत नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने अलाइनमेंटची (पात्राच्या नैतिक वृत्तीची) सक्ती काढली आणि शपथा आणल्या. त्यातली सूडाची शपथ तर दुष्टांना दया दाखवू नये असंच सांगते. प्लेयर कॅरेक्टर शीटवर बोट ठेवून म्हणतो, हे बघ, लिहिलंय. लिहिलंय खरं, पण ती शपथ त्याने घेतली आहे. ज्या गावात तो उभा आहे, त्या गावाच्या कोतवालाने किंवा सरदाराने त्यावर सही केलेली नाही.

जुन्या आवृत्तीत एक मोठी अडचण होती, ती 'डिटेक्ट ईव्हल'ची. 3.5 मधला पॅलाडिन ते हवं तेव्हा, कितीही वेळा वापरू शकायचा. साठ फुटांत कोण दुष्ट आहे ते त्याला समजायचं. पण त्यातून कळायचा तो माणसाचा स्वभाव, त्याने केलेलं कृत्य नव्हे. कंजूष, क्रूर, शेजाऱ्याच्या वाईटावर टपलेला सावकार ईव्हल असू शकतो आणि तरीही त्याने आयुष्यात एकही गुन्हा केलेला नसू शकतो. शिवाय चोवीस तास अलाइनमेंट लपवणारा स्पेल (मंत्र) त्याच रूलबुकात होता. पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनची ही संवेदना सैतान, देवदूत आणि अनडेड (मेल्यावरही वावरणारे जीव) यांच्यापुरती उरली. मला हा बदल मनापासून आवडला. माणसाकडे नुसतं बघून निकाल देण्याची सोयच गेली.

आता राहिला 'झोन ऑफ ट्रूथ', खोटं बोलू न देणारा स्पेल. गेल्या वर्षी आमच्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या कथेत) यावरून जो सेशन झाला, तो मी चालवलेल्या सेशन्सपैकी सगळ्यात चांगला मानते. एका बंदराच्या शहरात धान्याच्या व्यापाऱ्यावर भागीदाराला विष दिल्याचा आळ होता. आमच्या क्लेरिकने (पुजारी असलेल्या पात्राने) त्याला देवळात बोलावलं आणि स्पेल टाकला. पंधरा फूट त्रिज्येचा गोल, दहा मिनिटं, करिझ्मा सेव्ह (स्पेल झुगारण्यासाठी टाकलेला फासा) फसला तर आत उभ्या माणसाला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. व्यापारी आत उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. नियमाप्रमाणे ते त्याला शक्य आहे. स्पेल खोटं बोलण्यापासून अडवतो, बोलायला भाग पाडत नाही.

क्लेरिक म्हणाला, "गप्प आहे म्हणजे दोषी आहे. मी शिक्षा सुनावतो."

आमच्यात रोग (Rogue, चोरट्या चलाखीचं पात्र) खेळणारी मैत्रीण फौजदारी वकील आहे. ती ताडकन म्हणाली, "गप्प बसणं ही कबुली कधीपासून झाली? आणि तू कोण शिक्षा सुनावणारा?"

मग तिने आम्हाला संविधानाचं कलम 20(3) सांगितलं: कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. 2010 साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली. आमचा काल्पनिक स्पेल आणि खरीखुरी नार्को चाचणी यांचा प्रश्न एकच निघाला. सत्य बाहेर काढायचं साधन हातात आहे म्हणून ते कुणावरही वापरायचा हक्क मिळतो का?

त्यानंतर तिने काढलेला मुद्दा मला अजून जास्त महत्त्वाचा वाटतो. समोरच्याचा सेव्ह यशस्वी झाला की फसला, हे फक्त स्पेल टाकणाऱ्याला कळतं. म्हणजे 'हा माणूस आता खरं बोलतोय' याचा एकमेव साक्षीदार क्लेरिक स्वतः. तो खोटं बोलला तर? त्याच्या देवळाची त्या व्यापाऱ्याच्या गोदामावर नजर असेल तर? तोच तपास करणार, तोच साक्ष देणार आणि तोच निकाल देणार, याला न्यायालय म्हणता येत नाही. 'स्पीक विथ डेड'चंही तसंच आहे. पाच प्रश्न विचारता येतात, पण प्रेत तुम्हाला शत्रू मानत असेल तर खरं बोलायला बांधील नसतं, आणि ती उत्तरंही बहुधा तुटक किंवा कोड्यात असतात. (मेलेल्याला उठवून साक्षीला आणायचं तर 'रेझ डेड'ला पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो. म्हणजे श्रीमंताचा खून सिद्ध होईल आणि हमालाचा होणार नाही. या एका वाक्यावर अख्खं कॅम्पेन उभं राहील.)

खेळाने हे धर्मयोद्धे ज्या मध्ययुगीन युरोपातून उचलले, तिथे या मर्यादा होत्या. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोमन चर्चच्या सभेने, धर्मगुरूंना देहदंडाचा निकाल द्यायला किंवा तो अमलात आणायला बंदी केली. त्याच कलमात तापलेल्या लोखंडाच्या आणि पाण्याच्या दिव्य-परीक्षांना आशीर्वाद द्यायलाही मनाई केली. देव खरं-खोटं दाखवेल या विश्वासावर चालणारे खटले त्यामुळे अडले आणि इंग्लंडमध्ये ती जागा ज्यूरीने घेतली. जुन्या आवृत्त्यांमधल्या क्लेरिकला धारदार शस्त्र वापरता येत नसे, गदा चालायची. रक्त सांडू नये हा संकेत खेळाने हत्यारापुरता घेतला, निकाल देण्याला मात्र तो लावलाच नाही. मला हे नुकसान वाटतं. निकालाची मर्यादा ही गदेच्या नियमापेक्षा कितीतरी जास्त नाट्यमय गोष्ट होती.

आणि ज्यांना खरोखर मोकळीक होती, त्यांचं काय झालं? टेम्पलर या ख्रिस्ती योद्धा-संन्याशांना 1139 मध्ये पोपने थेट आपल्या छत्राखाली घेतलं. स्थानिक बिशपचीही सत्ता त्यांच्यावर उरली नाही. 13 ऑक्टोबर 1307 ला फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने त्यांना देशभर एकाच दिवशी पकडलं आणि 1312 मध्ये त्यांचा संघ बरखास्त झाला. ज्या पॅलाडिनला कुठलाच राजा जाब विचारू शकत नाही, त्याच्याकडे राजे भीतीनेच बघणार. माझ्या जगातले राजे तसेच बघतात.

खेळाच्या स्वतःच्या सगळ्यात प्रसिद्ध शहरातही, वॉटरडीपमध्ये, देवांविरुद्धचे गुन्हे कायद्याच्या यादीत वेगळे दिले आहेत: पुजाऱ्यावर हल्ला, देवळातली चोरी, जाहीर निंदा. पण ते चालवतात शहराचे काळ्या झग्यातले न्यायाधीश.

म्हणून आता मी नवं कॅम्पेन सुरू करताना धर्माच्या प्रत्येक कॅरेक्टरला पहिल्याच सेशनला विचारते: तुला अटक करायचा परवाना कुणाचा आहे, कोणत्या वेशीपर्यंत चालतो, आणि तू चुकलास तर तुला कोण बोलावू शकतं? उत्तर 'देव' असेल तर मी पुढचं विचारते: देवाखेरीज कोण? रानात, जिथे तीन दिवसांच्या वाटेवर एकही न्यायाधीश नाही, तिथे हात सैल सोडते. कैदी बरोबर न्यायचा, खाऊ घालायचा, रात्रभर पहारा द्यायचा की सोडून द्यायचा, हे ओझं पार्टीने वाहायचं. शहरात मात्र 'झोन ऑफ ट्रूथ'चा पुरावा ग्राह्य धरायला दोन वेगवेगळ्या देवतांचे क्लेरिक लागतात, आणि आरोपी गप्प राहिला तर ते त्याच्याविरुद्ध धरत नाहीत. शेवटचा नियम वकीलबाईंनी लिहून दिला.

त्या व्यापाऱ्याने पुढे दुसऱ्याच देवळात आश्रय घेतला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये असा आश्रय चाळीस दिवसांचा असायचा, मग शरण यायचं किंवा देश सोडायचा. मी तोच नियम लावला आहे. कॅम्पेनच्या कॅलेंडरवर त्यातले एकतीस दिवस गेलेत. आमच्या क्लेरिकने शहराच्या न्यायालयात रीतसर फिर्याद दाखल केली आहे, आणि समोरच्या बाजूने रोग उभी राहणार आहे.